आकार देणं वेगळं, धार लावणं वेगळं: बेल्ट ग्राइंडरवर टर्निंगची हत्यारं



लाकडी वस्तूंचा व्यवसाय सुरू करायचा म्हणून जे ट्रेनिंगला येतात, त्यांचे पहिले तीन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. लेथ कोणता घेऊ? हत्यारांचा सेट कितीचा? माल कुठे विकू? धार कशावर लावू, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. आणि महिन्याभराने फोन येतो, "हत्यार चांगलं नाही वाटतं, लाकूड फाटतंय."

बहुतेक वेळा हत्यार चांगलंच असतं. ते बोथट झालेलं असतं, किंवा धार लावता लावता त्याचा मूळ आकारच गेलेला असतो. या भागाच्या व्हिडिओत हात कसा फिरवायचा ते दाखवलंय. आकडे, कोन आणि कारणं मात्र लिहून समोर असलेली बरी. प्रिंट काढून मशीनजवळ चिकटवून ठेवलंत तरी चालेल.

आजच्या धड्यात एकच गोष्ट पक्की करायची आहे. हत्याराला आकार देणं आणि हत्याराला धार लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच पट्ट्यावर, एकाच जोराने केली की पैसा ठिणग्यांबरोबर उडून जातो.

आधी हिशेब

समजा, तुम्ही लाटणी बनवताय. मजुरी, भाडं, वीज धरून तासाचा खर्च १५० रुपये, म्हणजे मिनिटाला अडीच रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा.

धारदार हत्याराने एक लाटणं कातायला ६ मिनिटं आणि पॉलिश पेपर मारायला २ मिनिटं, एकूण ८. बोथट हत्याराने कातायला ७ आणि पेपरला ५, एकूण १२. लक्षात घ्या, वेळ कातण्यात फार वाढत नाही, पेपर मारण्यात वाढतो. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, तंतू उपटतं. ते उपटलेले तंतू मग पेपरने बसवत बसावं लागतं.

दिवसाला ३० लाटणी धरली तर ४ मिनिटांचा फरक म्हणजे १२० मिनिटं. रोज २ तास, ३०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७,८०० रुपये. एवढ्यात अनेक गावांत दुकानाचं भाडं निघतं.

आता दुसरी बाजू. दर तीन लाटण्यांनंतर एकदा धार लावली, तर दिवसाला १० वेळा. प्रत्येक वेळी १ मिनिट, म्हणजे १० मिनिटं, २५ रुपये. २०० रुपयांचा पट्टा १०० धारा देतो असं धरलं, तर दिवसाचे २० रुपये. आणि हत्याराचं स्टील? २,००० रुपयांच्या हत्याराचं ८० मिलिमीटर पातं वापरता येतं असं समजा. एका धारेला ०.१ मिलिमीटर झिजलं, तर ८०० धारा मिळतात. म्हणजे एक धार अडीच रुपयांना, दिवसाला २५ रुपये. एकूण खर्च ७० रुपये, वाचले ३००. सौदा फायद्याचा आहे.

पण तेच हत्यार जाड पट्ट्यावर, दर वेळी वेगळ्या कोनात, जोर लावून घासलं आणि एका वेळी १ मिलिमीटर गेलं तर? ८० धारांत हत्यार संपलं. दिवसाला १० धारा म्हणजे ८ दिवसांत! स्टीलचा खर्च दिवसाला २५ वरून २५० वर गेला. वेळ आणि पट्टा धरून २९५ रुपये. म्हणजे बोथट हत्याराने जेवढं नुकसान, जवळजवळ तेवढंच चुकीच्या धार लावण्याने. म्हणून "मी तर रोज धार लावतो" एवढं म्हणून भागत नाही. कशी लावता, ते महत्त्वाचं.

बेल्ट ग्राइंडरच का?

साध्या बेंच ग्राइंडरच्या गोल दगडावर हत्याराचा उतार किंचित खोलगट निघतो. त्यात वाईट काही नाही, जगभर लोक तसंच काम करतात. पण दगड झिजला की व्यास बदलतो, तोंड खड्डेखुड्डे होतं, ते सरळ करत बसावं लागतं. शिवाय १५० मिलिमीटरचा दगड २,८५० आरपीएमवर फिरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर होतो. नवख्या हातासाठी तो जास्त आहे.

पट्ट्यावर उतार सपाट येतो. पट्टा झिजला की बदलायचा, मशीनची मापं तीच राहतात. आणि जाड पट्टा काढून बारीक पट्टा चढवायला मिनिटभर लागतं, म्हणजे आकार देणं आणि धार लावणं या दोन्ही कामांना एकच मशीन पुरतं. इंग्लंडमधल्या शेफील्डची रॉबर्ट सॉर्बी ही हत्यारांची कंपनी खास टर्निंगच्या हत्यारांसाठी 'प्रोएज' नावाचं पट्ट्याचं मशीन विकते, ते याच तत्त्वावर. आपल्याकडे लोकल फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेलं मशीनही काम करतं. फक्त चार गोष्टी तपासा.

१. पट्ट्यामागे सपाट लोखंडी प्लेट हवी. प्लेट नसलेल्या मोकळ्या भागावर पट्टा दबतो आणि धार गोल होते. वरून चमकते, पण कापत नाही.

२. वेग कमी हवा. १०० मिलिमीटरचा ड्रम १,४४० आरपीएमच्या मोटरवर असेल, तर पट्टा सेकंदाला साधारण साडेसात मीटर पळतो. २,८०० च्या मोटरवर जवळजवळ दुप्पट. धार लावायला पहिला वेग पुरेसा आहे. उष्णता कमी, चूक झाली तर तीही छोटी.

३. पट्टा टेकूकडून वर जाणारा हवा, म्हणजे हत्याराच्या धारेपासून दूर पळणारा. उलटा फिरत असेल तर धार पट्ट्यात रुतून पट्टा फाटू शकतो. दिशा बदलायची तर काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ड्रम आट्यांवर बसवलेला असेल, तर उलट फिरताना तो सैल होणार नाही ना, तेही बघून घ्या. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल, तर तो फिरण्याच्या दिशेनेच.

४. टेकू मजबूत आणि कोन बदलता येणारा हवा. टेकू आणि पट्टा यांच्यात फट २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पट्टा वर पळतो, तो हत्यारालाही वर उचलू बघतो. म्हणून हत्यार टेकूवर दाबून धरायचं, पट्ट्यावर नाही.

आपलं स्टील कोणतं, ते ओळखा

हत्यार हायस्पीड स्टीलचं आहे की कार्बन स्टीलचं, हे आधी कळलं पाहिजे. बाजारात दोन्ही मिळतात, आणि लोहाराकडून बनवून घेतलेलं हत्यार बहुधा कार्बन स्टीलचं असतं. ठिणगी बघा. कार्बन स्टीलची ठिणगी उजळ, पिवळी-पांढरी, फुलबाजीसारखी फुटणारी. हायस्पीडची ठिणगी मंद, नारिंगी-लालसर, फारशी न फुटणारी.

फरक इथे पडतो. कार्बन स्टील तापलं की आधी फिकट पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं होतं. निळं म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस, आणि तिथवर हत्याराचं पाणी उतरलेलं असतं. अशी धार दोन लाटण्यांतच बसते. म्हणून कार्बन स्टील हलक्या हाताने घासायचं आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्याच्या डब्यात बुडवायचं. निळं झालंच, तर तो निळा भाग सावकाश घासून काढण्याशिवाय उपाय नाही.

हायस्पीड स्टील यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसतं, रंग बदलला तरी कडकपणा सहसा टिकतो. पण तापलेलं हायस्पीड पाण्यात बुडवू नका. अचानक थंड झाल्याने धारेला बारीक चिरा पडण्याचा धोका असतो. ते हवेतच निवू द्यायचं.

पहिलं काम: आकार देणं

हे काम रोजचं नाही. नवीन हत्याराचा कारखान्यातला कोन तुमच्या कामाला जुळत नसेल, हत्यार पडून टोक उडालं असेल, किंवा चुकीच्या धारेने तोंड वाकडं झालं असेल, तेव्हाच. पट्टा ६० ते ८० ग्रिटचा, झिर्कोनिया किंवा सिरॅमिक.

सुरुवातीचे कोन असे ठेवा:

- रफिंग गाऊज (चौकोनी लाकूड गोल करणारी खोलगट पटाशी): ४५ अंश
- स्पिंडल गाऊज (गळे, गोळे, नक्षी काढणारी): ४० अंशांच्या आसपास
- बोल गाऊज (वाडग्याच्या आतून-बाहेरून चालणारी): ४५ ते ५५ अंश
- स्क्यू (तिरक्या तोंडाची पटाशी): दोन्ही उतार मिळून २५ ते ४० अंश. नवख्यांनी जास्त कोनाकडे राहावं
- पार्टिंग टूल (तुकडा वेगळा करणारं): दोन्ही बाजू मिळून ५० अंशांच्या आसपास
- स्क्रेपर: ७० ते ८० अंश

हे काही दगडावरचे नियम नाहीत. हाताला आणि लाकडाला जुळेल तसे पुढे दोन-चार अंश हलवा. पण एकदा ठरवला की तो कोन वहीत लिहा आणि रोज बदलू नका.

आकार देताना क्रम पाळा. आधी तोंड, मग उतार. हत्यार पट्ट्यासमोर जवळजवळ काटकोनात धरून तोंडाची रेषा हवी तशी करून घ्या: सरळ, तिरकी किंवा नखासारखी गोल. आता धारेवर उजेड धरून पाहिलात, तर एक पांढरी चमकती पट्टी दिसेल. घाबरू नका, ती हवीच आहे. मग टेकू ठरलेल्या कोनाला लावून उतार घासा. पांढरी पट्टी जिथे जाड आहे तिथे जास्त, जिथे बारीक आहे तिथे कमी. ती सगळीकडे सारखी केसाएवढी उरली की थांबा. शेवटचा केस जाड पट्ट्यावर काढायचा नाही, तो बारीक पट्ट्याचा. इथे उतावीळ झालात, तर धारेचं टोक पातळ होऊन क्षणात तापतं.

ही पांढरी रेघ पुढे रोज कामाला येते. तीक्ष्ण धारेवर उजेड थांबत नाही. जिथे चमक दिसते, तिथे हत्यार बोथट.

दुसरं काम: धार लावणं

हे रोजचं, दिवसातून अनेकदा करायचं काम. पट्टा १२० ते २४० ग्रिटचा, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. इथे स्टील कमी करायचं नाही, फक्त शेवटची कड ताजी करायची. सगळा खेळ एका गोष्टीचा: मागच्या वेळचाच कोन पुन्हा मिळाला पाहिजे. मिळाला, तर ३० सेकंदांत धार येते. नाही मिळाला, तर तुम्ही नकळत पुन्हा आकार द्यायला लागता, आणि वरच्या हिशेबातले २९५ रुपये सुरू होतात.

तोच कोन मिळवायला महागडं जिग लागतं असं नाही. १२ एमएम प्लायचे पाचर-आकाराचे गुटके कापा, प्रत्येकावर कोन आणि हत्याराचं नाव लिहा. गुटका टेकूवर ठेवा, त्याची तिरकी बाजू पट्ट्याला पूर्ण टेकेपर्यंत टेकू हलवा, आणि बोल्ट आवळा. हे सगळं मशीन बंद असताना. मग हत्यार टेकूवर सपाट ठेवलं की कोन आपोआप तोच.

खात्रीसाठी मार्कर वापरा. उताराला मार्करने रंगवा, मशीन बंद ठेवून पट्टा हाताने थोडा फिरवा. शाई फक्त मागच्या बाजूची गेली, तर हत्याराची धार पट्ट्याला लागतच नाहीये. फक्त टोकाची गेली, तर धारेचा कोन जाड होणार. धारेपासून मागपर्यंत सारखी गेली, तर करा मशीन सुरू.

आता एकेक हत्यार.

रफिंग गाऊज: मूठ सरळ ठेवून हत्यार स्वतःभोवती फिरवा, एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत, न थांबता. जिथे थांबाल तिथे खड्डा.

स्पिंडल आणि बोल गाऊज: तोंड नखासारखं असेल, तर फिरवता फिरवता मूठ बाजूलाही झुलवावी लागते. मधल्या टोकावर कमी वेळ, पंखांवर जास्त. नवखे उलटं करतात, आणि महिन्याभरात टोक टोचणीसारखं होतं. या दोन हत्यारांसाठी मात्र जिग घेतलं तर पैसे वसूल होतात.

स्क्यू: दोन्ही बाजूंना मोजून सारखे हात. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. एक उतार मोठा झाला की हत्यार लाकडावर एका बाजूला ओढतं.

पार्टिंग टूल: धार पात्याच्या मधोमध राहिली पाहिजे. एक हात वर, एक हात खाली, झालं.

स्क्रेपर: उतारावर एक-दोन हलके हात. धारेवर उलटलेली बारीक कड येते, तिला कारागीर 'बर' म्हणतात. स्क्रेपरवर ती पुसू नका, कापण्याचं काम तीच करते. गाऊज आणि स्क्यूवर मात्र बारीक डायमंड कार्डाने किंवा निसण्याने ती हलकेच उतरवा.

धार कधी लावायची?

हत्यार अडायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. कीस बघा. लांब वळलेला कीस निघतोय तोवर ठीक. त्याच्या जागी भुसा उडायला लागला, हाताला जोर द्यावासा वाटला, किंवा कापण्याचा आवाज खरखरीत झाला, की मशीनकडे चला.

लाकडानुसारही फरक पडतो. सागवानात सिलिका असते, तिच्यामुळे धार लवकर बसते. बाभूळ, शिसम कडक. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरलं गेलेलं पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, पण मऊ लाकूड म्हणजे धार कमी चालेल असं नाही. उलट, मऊ तंतू बोथट हत्याराने लगेच उपटले जातात, आणि त्यावर रंग-लाख चढवली की प्रत्येक डाग दिसतो. सागवानाच्या ऑर्डरचा दर काढताना धार लावण्याचा वेळ आणि पट्टे वेगळे धरा. कोटेशनमध्ये हा खर्च बहुतेक जण विसरतात.

इथे तडजोड नाही

- ठिणगी आणि भुसा एकत्र नको. त्याच मशीनवर लाकूड घासत असाल, तर कव्हरच्या आत आणि डस्ट कलेक्टरच्या पिशवीत भुसा असतो. ठिणगी त्यात धुमसत राहते, आणि दुकान बंद करून गेल्यावर पेट घेऊ शकते. लोखंडासाठी मशीन वेगळं ठेवा. ते जमत नसेल, तर आधी कलेक्टरची नळी काढा, मशीन झटकून साफ करा, आणि काम झाल्यावर अर्धा-पाऊण तास तिथून हलू नका.
- डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क. सुती हातमोजे, ओढणी, पदर, लोंबत्या बाह्या पट्ट्याजवळ अजिबात नाही.
- जुनी कानस घासून टर्निंगचं हत्यार बनवू नका. कानस ठिसूळ असते, लेथवर तुटून अंगावर येऊ शकते.
- रफिंग गाऊज वाडग्याच्या कामाला वापरू नका, कितीही छान धार असो. तिची मुठीत जाणारी शेपटी बहुधा पातळ असते, झटका बसला की तिथेच मोडते.

खरेदीचं गणित

बजेट कमी असेल, तर आठ हत्यारांचा स्वस्त सेट घेण्यापेक्षा हायस्पीडची तीन चांगली हत्यारं (रफिंग गाऊज, स्पिंडल गाऊज, पार्टिंग टूल) आणि धार लावायचं मशीन घ्या. लाटणी, पाय, खेळणी यांचं बरंच काम या तिघांत होतं. स्क्यू हात बसल्यावर. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आणि पारंपरिक खेळणी बनवणं दोन्ही आहेत, आणि टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत त्यात आहे. पात्र असाल, तर यादी करताना धार लावण्याची सोयही डोक्यात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सहा गुटके कापा, सहा हत्यारांचे कोन त्यावर लिहा.
२. दोन पट्टे दोन वेगळ्या खिळ्यांना टांगा. एकावर 'आकार', दुसऱ्यावर 'धार' असं ठळक लिहा.
३. एक दिवस धार न लावता दहा नग करा, दुसऱ्या दिवशी दर तीन नगांनंतर धार लावून दहा करा. दोन्ही दिवशी कातण्याची आणि पेपरची मिनिटं वेगळी लिहा.
४. हत्याराच्या पात्याची लांबी आज मोजून वहीत लिहा, महिन्याने पुन्हा मोजा. स्टील किती गेलं ते कळेल, आणि एक धार तुम्हाला कितीला पडते तेही.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतले आकडे वरच्या हिशेबात माझ्या आकड्यांच्या जागी घाला. तुमच्या लाटण्याचा, भोवऱ्याचा, चौरंगाच्या पायाचा खरा दर तिथून सुरू होतो.

पुढच्या भागात याच वहीवरून कोटेशन कसं बनवायचं ते बघू. तोवर कोन पक्का, हात हलका!